ॲव्हरेज खाणारा प्लग

छोट्या पिकअपचे दोन मालक मार्केट यार्डात भेटले की तब्येतीची चौकशी नंतर होते, आधी ‘ॲव्हरेज काय पडतंय?’ समोरचा एक आकडा सांगतो, ऐकणारा तो मनातल्या मनात दोन-तीनने कमी करून घेतो. ज्याचा आकडा कमी पडतो त्याला सल्ल्यांचा तोटा नसतो. हवा चेक कर, फिल्टर मार, दुसऱ्या पंपावर गॅस भर. आणि हमखास येणारा सल्ला म्हणजे प्लग बदल, चांगले इरिडियम टाक, गाडी उडायला लागेल.

हे पुस्तक या शेवटच्या सल्ल्यासाठी लिहिलं आहे. तो सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नसल्यामुळे माणसं नको तिथे पैसे घालतात. सुरुवातीलाच सांगून टाकतो: कुठलाही प्लग गाडीला नव्याने ॲव्हरेज देत नाही. खराब झालेला, चुकीच्या नंबरचा किंवा चुकीच्या गॅपचा प्लग असलेलं ॲव्हरेज खातो, एवढंच. त्यामुळे ज्याचे प्लग ठीक आहेत त्याने हजारो रुपयांचे प्लग टाकले तरी त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही. आणि ज्याचा एक प्लग बिघडला आहे त्याचं महिन्याचं नुकसान प्लगांच्या अख्ख्या संचापेक्षा जास्त असू शकतं.

हिशोब करून बघा. दिवसाला १०० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस गाडी चालली, तर २,५०० किलोमीटर होतात. किलोला २० च्या हिशोबाने १२५ किलो गॅस लागतो. तेच ॲव्हरेज १८ वर आलं की जवळजवळ १३९ किलो. किलोचा दर ८० रुपये धरला तर महिन्याला अकराशे रुपये गेले, आणि तेही हप्ता, विमा, टायर, हमाली सगळं भागवून उरलेल्या पैशातून. साध्या निकेल प्लगांचा संच याहून स्वस्त येतो.

डिझेल पिकअपवाल्यांना इथेच थांबवतो, कारण त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या त्या हवेत डिझेलचा फवारा पडताच ते आपोआप पेटतं. गॅरेजात ज्याला हीटर प्लग म्हणतात तो थंड इंजिन सुरू करताना मदत करतो, ठिणगी टाकत नाही. महाराष्ट्रातल्या मालवाहतुकीत वर्षानुवर्षं डिझेलचंच राज्य होतं. टाटांनी २००५ साली एस आणली, लोकांनी तिचं नाव छोटा हत्ती ठेवलं, आणि तिच्यातही दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये आली तीही आधी डिझेलमध्येच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, छोटं डिझेल इंजिन त्या नियमात बसवणं महाग पडू लागलं. सुपर कॅरीचं डिझेल इंजिन बंद झालं आणि १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल-सीएनजी इंजिन उरलं. छोटा हत्तीही डिझेलच्या जोडीला पेट्रोल आणि सीएनजीत मिळू लागला. डिझेलवर हात बसलेले हजारो ड्रायव्हर अशा रीतीने प्लगाच्या गाडीवर येऊन बसले, आणि प्लगाचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

जे थोडंफार माहीत होतं ते स्कूटरवरून आलेलं. बजाज चेतकच्या काळात महाराष्ट्रातल्या घराघरात प्लग-पाना असायचा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, प्लगावर काजळी धरायची, मग स्कूटर रस्त्याकडेला तिरकी करून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. ते त्या इंजिनासाठी ठीक होतं. आजच्या पिकअपमध्ये तीच सवय महागात पडते. इरिडियम प्लगाचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. त्यावर पॉलिश पेपर फिरवला, किंवा गॅप कमी करायला त्यावर ठोकलं, की तो प्लग संपला. सध्याच्या चार सिलिंडरच्या गाडीत प्लगावर काजळी दिसली तर ती घासण्याआधी कुठून आली ते शोधायला हवं. इंजिन तब्येत सांगतंय आणि आपण ती पुसून टाकतोय, असं नको व्हायला.

प्लगाचं काम ऐकायला सोपं आहे. मधल्या आणि बाहेरच्या टोकामध्ये मिलिमीटरभर फट असते, तीत दाबलेल्या हवेत आणि गॅसात ठिणगी उडवायची. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चाललं असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा स्फोट होतो, म्हणजे तासाला ९० हजार ठिणग्या. प्रत्येक ठिणगीला कॉइलमधून हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि प्रत्येक ठिणगी धातूचा अगदी सूक्ष्म कण खाऊन जाते. फट हळूहळू रुंदावते. जितकी फट जास्त तितके व्होल्ट जास्त लागतात, आणि एक दिवस बोरघाटात, भरल्या गाडीने, तिसऱ्या गिअरवर पाय दाबलेला असताना कॉइलला तेवढे व्होल्ट काढता येत नाहीत. ठिणगी चुकते. ड्रायव्हर म्हणतो, गाडी मिसिंग मारतेय. सपाटीवर ती परत नीट चालते, म्हणून तो विसरून जातो.

या चुकलेल्या ठिणगीचं पुढे काय होतं ते नीट समजून घेतलं तर बाकीचं पुस्तक सोपं जाईल. त्या फेरीत सिलिंडरमध्ये आलेलं इंधन न जळता सायलेन्सरकडे गेलं, हा पहिला तोटा. पण त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही गेला. वाटेत ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, तो इमानदारीने इसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो की धुरात ऑक्सिजन फार आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय. इसीएम बिचारा ते खरं मानतो आणि चांगल्या सिलिंडरांनाही जास्त इंधन सोडू लागतो. एका प्लगाच्या चुकीची भरपाई बाकीचे तिघे करतात, हा दुसरा तोटा. तिसरा सगळ्यात महाग. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो. तो वितळला तर दुरुस्तीचं बिल प्लगांच्या कितीतरी संचांएवढं येतं. मिसिंगकडे दुर्लक्ष करून गाडी तशीच पळवणाऱ्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

आता उलट बाजू. मिसिंग नाही, गॅप नीट आहे, नंबर बरोबर आहे, तर महागडा प्लग काय जास्त देईल? इंधन एकदा पेटलं की पेटलं. ठिणगी अधिक तेजस्वी झाली म्हणून त्यातून अधिक ऊर्जा निघत नाही. अमेरिकेत, जिथे पिकअप हा घरोघरीचा वाहनप्रकार आहे, स्प्लिटफायर नावाचा प्लग नव्वदच्या दशकात खूप गाजला. त्याचं बाहेरचं टोक इंग्रजी व्ही अक्षरासारखं दुभंगलेलं होतं आणि ॲव्हरेज वाढतं अशी त्याची जाहिरात होती. १९९७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, या दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून, कंपनीवर कारवाई केली. दोन, तीन, चार बाहेरची टोकं असलेल्या प्लगांचंही तेच. ठिणगी एका वेळी एकाच टोकावर उडते. टोकं जास्त असली तर झीज वाटली जाते आणि प्लग टिकतो जास्त, इतकाच फायदा.

इरिडियम आणि प्लॅटिनमची खरी बाजूही तीच, टिकाऊपणाची. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम २,४४६ ला. धातू चिवट म्हणून टोक बारीक ठेवता येतं, बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडते, आणि फट वर्षानुवर्षं फारशी रुंदावत नाही. ज्याच्या गाडीचे प्लग सीट उचलून, झाकणं काढून, तासभर खपून बदलावे लागतात त्याला हे फायद्याचं. ज्याला स्वतःच्या हाताने वेळेवर निकेल प्लग बदलायचा कंटाळा नाही त्याने तेच वापरावेत, आणि त्याला कुणी कंजूष म्हणू नये. फक्त कंपनीने मूळ गाडीत इरिडियम दिला असेल तर पैसे वाचवायला निकेल टाकू नये. त्या गाडीची कॉइल आणि बदलाचं वेळापत्रक त्या प्लगाला धरून ठरलेलं असतं.

प्लग निवडताना ब्रँडपेक्षा नंबर महत्त्वाचा, आणि नंबर वाचायला शिकणं हे या पुस्तकातलं सगळ्यात उपयोगी प्रकरण आहे असं मला वाटतं. एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या. बी म्हणजे आटे १४ मिलिमीटरचे, के म्हणजे पाना १६ चा, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि शेवटचे ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. यातलं एक अक्षर चुकलं तरी प्लग बसल्यासारखा बसेल आणि मग त्रास देईल. आट्यांची लांबी जास्त झाली तर टोक पिस्टनला धडकू शकतं. रेझिस्टर नसेल तर ठिणगीचा विजेचा गोंगाट इसीएम आणि सेन्सरांना गोंधळात टाकतो.

हीट रेंजचा घोळ तर मेकॅनिकांनाही पडतो. प्लगाचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर असलं की त्यावरची काजळी जळून जाते. ८५० च्या पुढे गेलं तर तापलेलं टोकच ठिणगीच्या आधी इंधन पेटवू लागतं, आणि अशाने पिस्टनला भोक पडू शकतं. या दोन मर्यादांमध्ये टोक राहावं म्हणून प्लग गरम आणि थंड अशा पायऱ्यांमध्ये बनतात. गरम प्लग उष्णता सावकाश सोडतो, थंड प्लग भराभर. घोळ असा की एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा जितका मोठा तितका गरम. एका कंपनीचा ६ दुसऱ्या कंपनीच्या ६ च्या जागी टाकणारा दुकानदार भेटला तर त्याच्याशी वाद न घालता दुसरं दुकान गाठावं.

सीएनजीमुळे यात आणखी एक गुंता येतो. मिथेनचं आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. गॅस कोरडा असतो, पेट्रोलच्या फवाऱ्यासारखा आत शिरताना गारवा आणत नाही. ज्योतही थोडी सावकाश पसरते. म्हणून सीएनजीवर प्लग लवकर झिजतो आणि पेट्रोलवर जी फट चालून जाते ती गॅसवर मिसिंग मारते. पेट्रोलवर गाडी गुळगुळीत आणि गॅसवर टाकली की झटके, असं असेल तर किटवाल्याला बोलावण्याआधी प्लग काढून बघा. बाहेरून किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत गॅप पेट्रोलपेक्षा दीड-दोन दशांश मिलिमीटर कमी ठेवण्याची पद्धत याच कारणाने आहे. कंपनीच्या सीएनजी गाडीत मात्र आपली अक्कल न लावता गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातला आकडाच पाळावा.

प्लग काढल्यावर काय बघायचं? सुपर कॅरीचं इंजिन सीटखाली आहे. सीट उचलली की चार कॉइली दिसतात. त्या काढण्याआधी खाचांमधली धूळ हवेच्या पाइपाने उडवून द्यायची, नाहीतर आपल्या रस्त्यांवरची मुरमाची कच प्लग निघताच सरळ सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडायचे आणि कागदावर एक, दोन, तीन, चार लिहायचं. पुष्कळ मेकॅनिक चारही प्लग डब्यात टाकतात आणि तिथेच अर्धी माहिती हरवते. समजा पहिला, दुसरा आणि चौथा फिकट राखाडी, जवळजवळ पांढुरके आहेत. गॅसवरच्या गाडीत हे निरोगी लक्षण आहे, पेट्रोलच्या सवयीने त्याला ‘इंधन कमी पडतंय’ समजू नये. तिसरा मात्र काळा आहे. बोटाने पुसला तर कोरडी काजळी हाताला लागते की चिकट तेल, हे बघायचं. कोरडी असेल तर त्या सिलिंडरची ठिणगी कमजोर आहे किंवा इंजेक्टर जास्त सोडतोय. तिसरी कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून गाडी चालवायची, मिसिंग दुसऱ्यावर सरकलं तर दोष कॉइलचा. चिकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत, तिथे नवा प्लग चार दिवसांची सोय आहे. आणि आतलं टोक स्वच्छ पण बाहेरच्या पांढऱ्या चिनी मातीवर तेल असेल तर ते वरच्या कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपतंय. काम स्वस्त आहे, पण वेळेवर झालं पाहिजे.

बसवतानाची जबरदस्ती हा वेगळा आजार. हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग लोखंडी. इंजिन पूर्ण थंड असतानाच हात लावायचा, पहिले आटे पान्याशिवाय बोटांनी फिरवायचे. वॉशर असलेला नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बस्स. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० पिकअपमधल्या ५.४ लिटरच्या तीन-व्हॉल्व्ह इंजिनात प्लगाचं टोक काजळीने हेडमध्ये असं घट्ट बसायचं की काढताना प्लग मध्येच तुटून अर्धा आत राहायचा, आणि तो काढण्याची पद्धत कंपनीला मेकॅनिकांसाठी लिहून द्यावी लागली. आपल्या छोट्या इंजिनांत तो विशिष्ट दोष नाही. पण वर्षानुवर्षं न उघडलेला प्लग गरम इंजिनात जोर लावून काढला की आटे सोलून निघतात, हे इथल्या कुठल्याही गॅरेजात बघायला मिळेल.

प्लगांपलीकडच्या ॲव्हरेजवर या पुस्तकात तीनच प्रकरणं आहेत. काही जणांना ती कमी वाटतील. पण खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं टायरात, वेगात आणि उजव्या पायात आहे. हौद्यावर ताडपत्री फडफडत असेल किंवा क्रेट केबिनच्या वर दोन फूट गेले असतील, तर हवेचा अडथळा वाढतो, आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. ८० ऐवजी ६० ने चाललेली गाडी जे वाचवते ते कुठलाच प्लग वाचवू शकत नाही. एअर फिल्टरबद्दलचा समज मात्र जुना झाला आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तुंबलेला फिल्टर खरोखर पेट्रोल पाजायचा. इंजेक्शनच्या गाडीत इसीएम हवा कमी आली की इंधनही कमी करतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं तेव्हा अशा गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेजवर फरक पडला नाही, गाडी सुस्त तेवढी झाली. फिल्टर बदलाच, पण इंजिनासाठी.

आणि घाट. कसारा किंवा खंबाटकी उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडणारे अजून आहेत, इंधन वाचतं म्हणून. गिअरमध्ये पाय उचलून उतरताना इसीएम इंजेक्टर बंदच करतो, थेंबही जात नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतः चालू राहावं लागतं, म्हणून त्याला इंधन द्यावंच लागतं. ब्रेक तापून जातात ते वेगळंच. या एका मुद्द्यावर मी कुणाचं ऐकून घ्यायला तयार नाही.

पेट्रोलवर चालवणाऱ्यांनी इथेनॉलचा हिशोबही मनात ठेवावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणात ती तूट सहा-सात टक्क्यांवर जाते. यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं आहे, त्याचं अर्थकारण वेगळं. पण किलोमीटर कमी पडले म्हणून सगळा दोष प्लगाला देऊ नये.

राहिली मोजणी. तिच्यावाचून वरचं सगळं बोलणं हवेत आहे. गॅसच्या गाडीत टाकी फुल करून मोजण्याची पेट्रोलची रीत नीट चालत नाही. सिलिंडर २०० बारच्या दाबाला भरतात, भरताना गॅस तापतो, पंपावर दाब कमी असेल किंवा दुपारचं ऊन असेल तर काटा फुल दाखवूनही आत किलो कमी बसतात. म्हणून काट्याकडे न बघता बिलावरचे किलो लिहायचे आणि महिनाभराच्या एकूण किलोमीटरांना एकूण किलोंनी भागायचं. बऱ्याच गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. ते पेट्रोल वेगळ्या रकान्यात धरायचं, नाहीतर छोट्या-छोट्या खेपा करणाऱ्याचा हिशोब हमखास फसतो. किलोला २० आणि लिटरला १५ यांची थेट तुलनाही करू नये. एक किलो सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या सुमारे दीडपट ऊर्जा असते.

वहीचा नमुना पुस्तकाच्या शेवटी दिला आहे: तारीख, किलोमीटर, गॅस किलोत, पेट्रोल लिटरात, भरलेला माल, घाट होता की नाही, आणि प्लग कधी काढून बघितले. नवे प्लग टाकण्याआधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना, त्याच रूटवर, शक्यतो तेवढ्याच मालावर. मधल्या काळात टायर किंवा ऑइल बदललं असेल तर त्याचीही नोंद शेरा लिहायच्या रकान्यात करावी, म्हणजे फरक कशाचा ते कळेल.